हायस्पीड कॅमेऱ्यानं ठिणग्या टिपताना: आधी ठरवा, रेघ हवी की ठिपका

ठिणग्यांचं हायस्पीड चित्रीकरण बहुतेक वेळा दोन ठरावीक पद्धतींनी फसतं. एकात पडद्यावर पांढऱ्याफटक रेघांचा झोत दिसतो आणि साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या चित्रणापेक्षा वेगळं काहीच हाती लागत नाही. दुसऱ्यात काळ्या पडद्यावर ठिपके लुकलुकतात, पण कोणता ठिपका कुठून कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. दोन्ही वेळा खापर कॅमेऱ्यावर फुटतं. खरं तर चूक कामाच्या क्रमात असते. लोक आधी फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) जमेल तितका वर नेतात, मग प्रकाश कमी पडला म्हणून ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडतात आणि ग्राइंडर (धातू घासायचं यंत्र) सुरू करतात.

क्रम नेमका उलटा हवा. आधी ठिणगी किती वेगानं जाणार ते काढायचं, तिची रेघ हवी की ठिपका ते ठरवायचं, मग शटर (एका फ्रेमसाठी सेन्सरवर प्रकाश पडण्याचा वेळ), मग फ्रेमरेट आणि सगळ्यात शेवटी ॲपर्चर.

इथे विषय आहे तो पोलाद घासल्यावर उडणाऱ्या ठिणग्यांचा. विजेच्या ठिणगीचं गणित वेगळं. ती इतक्या कमी वेळात संपते की सेकंदाला हजार फ्रेमच्या चित्रणात एखादी उजळ फ्रेम मिळते, बस्स. शिवाय उच्च विद्युतदाबाच्या ठिणगीच्या विद्युत गोंगाटानं कॅमेरा अडकूनही पडतो. ते वेगळं काम, वेगळी तयारी.

## टप्पा १: ठिणगी कुठून येणार ते ठरवा

अँगल ग्राइंडर हाताशी असतो म्हणून बहुतेक जण त्याच्यापासूनच सुरुवात करतात. माझा आग्रह टेबलावर पक्क्या बसवलेल्या बेंच ग्राइंडरचा. कारण वेग.

१०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो. बेंच ग्राइंडरचं १५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला ३,००० च्या आसपास फिरतं. त्याच्या कडेचा वेग भरतो साधारण २४ मीटर. ठिणगी निघताना कडेच्या वेगापेक्षा जास्त वेगानं जात नाही. म्हणजे साधन बदललं की कॅमेऱ्यावरचा भार निम्म्याहून कमी होतो, आणि त्यासाठी एकही सेटिंग बदलावी लागत नाही. दुसरा फायदा असा की बेंच ग्राइंडर जागचा हलत नाही, त्यामुळे ठिणग्यांचा झोत दर वेळी त्याच रेषेत येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बेंच ग्राइंडरचं चाक समोरच्या बाजूला खाली फिरतं, म्हणून झोत खाली जातो. कॅमेरा नेहमीसारखा आडवा लावलात तर ठिणग्या फ्रेमच्या सगळ्यात अरुंद दिशेनं पळतील. कॅमेरा ट्रायपॉडवर नव्वद अंशांत वळवा आणि चित्रण नंतर फिरवून घ्या.

आता धातू. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब जातात आणि कमी फुटतात. पोलादात कार्बन जास्त असेल तर त्या भरपूर फुटतात, म्हणून निकामी झालेल्या जुन्या कानशीचा तुकडा या कामाला उत्तम. उडालेला तापलेला कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून आणखी तापतो, त्यातला कार्बन जळून वायू तयार होतो आणि त्या वायूच्या दाबानं वितळलेला कण फुटतो. पाहण्यासारखं दृश्य चाकाजवळ नसून चाकापासून थोडं दूर असतं ते यामुळेच. स्टेनलेस स्टीलच्या ठिणग्या आखूड, नारिंगी आणि मोजक्याच फुटणाऱ्या. बिडाच्या तांबूस आणि चाकाजवळच संपणाऱ्या.

सावधान: ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांतून ठिणग्या उडत नाहीत, आणि मऊ धातू चाकाच्या भेगांत भरून चाक धोकादायक होतं. ज्या चाकावर किंवा टेबलावर ॲल्युमिनियमची भुकटी पडली आहे तिथे पोलाद घासू नका. ॲल्युमिनियमची भुकटी आणि गंजाचा चुरा एकत्र आला की एका ठिणगीनं भयंकर तापमानाचा भडका उडू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला तुकडाही नको, त्याचा धूर विषारी असतो.

फोननं चित्रण करणाऱ्यांसाठी फेरोसेरियमची (लायटरच्या चकमकीतल्या मिश्रधातूची) कांडी बरी. तिच्यावर पोलादाची कड खरवडली की ठिणग्या पडतात. ना वीज लागते, ना फिरतं चाक.

## टप्पा २: जागा, आग आणि माणसं

कॅमेरा पेटीतून काढण्याआधी हे उरका. नंतर मन चित्रावर असतं आणि कोपऱ्यातल्या चिंधीकडे लक्ष जात नाही.

ठिणग्या वाटतात त्याहून फार दूर जातात. झोताच्या दिशेनं दहा-अकरा मीटरपर्यंत काही पेटण्याजोगं नसावं. जवळचे रंग, थिनर, स्प्रेचे डबे, लाकडाचा भुसा, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि लेन्स पुसायचं अल्कोहोल, सगळं दुसऱ्या खोलीत. हाताशी वाळूची बादली आणि चालू स्थितीतलं अग्निशामक. काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, कुणीतरी तिथे थांबायला हवं. फटीत अडकलेला कण उशिरानंही धुमसतो.

चाक बसवण्याआधी त्यावर छापलेली कमाल गती बघा. ती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त असलीच पाहिजे. अँगल ग्राइंडरच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदतही छापलेली असते, ती उलटलेली चकती टाकून द्या. नवं चाक मिनिटभर रिकामं फिरवा आणि तेवढा वेळ त्याच्या रेषेत उभे राहू नका. बेंच ग्राइंडरच्या टेकूची पट्टी आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, आत चष्मा, अंगात सुती कपडे. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. बेंच ग्राइंडरवर हातमोजे घालू नका, चाक त्यांना आत ओढतं.

चाकाचं संरक्षक कवच चित्रात आडवं येतं म्हणून ते काढायचा मोह होतो. काढू नका. कॅमेऱ्याची जागा बदला.

घासणारा आणि कॅमेरा चालवणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. एका हातात ग्राइंडर आणि दुसऱ्या हातात ट्रिगर (कॅमेऱ्याचं बटण) असं काम करायचंच नाही.

## टप्पा ३: कागदावरचं गणित

हा टप्पा गाळला की बाकी सगळं अंदाजपंचे होतं. कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

समजा तुमच्या फ्रेममध्ये १२८ मिलिमीटर लांबी मावते आणि त्या दिशेनं १,२८० पिक्सेल आहेत. म्हणजे एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा. ठिणगीचा वेग सेकंदाला २४ मीटर धरा. आता शटर:

- १/१,००० सेकंद: ठिणगी २४ मिलिमीटर सरकते. लांब रेघ.
- १/१०,००० सेकंद: २.४ मिलिमीटर. आखूड काडी.
- १/१,००,००० सेकंद: ०.२४ मिलिमीटर, म्हणजे दोन-अडीच पिक्सेल. जवळपास ठिपका.

अँगल ग्राइंडरसाठी हेच आकडे दुपटीहून जास्त धरा.

आता फ्रेमरेट. सेकंदाला १,००० फ्रेम असतील तर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ठिणगी २४ मिलिमीटर पुढे गेलेली असते आणि पाच फ्रेममध्ये चित्राबाहेर पडते. ५,००० फ्रेमना हे अंतर ५ मिलिमीटरच्या खाली येतं, १०,००० ना २.४ मिलिमीटरवर.

सगळी मेख इथे आहे. शटर १/१,००,००० ठेवून १,००० फ्रेमनं चित्रण केलं, तर प्रत्येक फ्रेममध्ये सुरेख ठिपके येतात, पण दोन फ्रेममधल्या २४ मिलिमीटरच्या उडीत शेजारच्या दहा ठिणग्या येऊन गेलेल्या असतात. आधीचा ठिपका आणि आताचा ठिपका यांचं नातं डोळ्याला जोडता येत नाही, आणि चालू चित्रात नुसती लुकलुक दिसते. ठिपका हवा असेल तर एक नियम पाळावाच लागतो: दोन फ्रेमच्या मधे ठिणगी जेवढी सरकते ते अंतर शेजारच्या दोन ठिणग्यांमधल्या अंतरापेक्षा कमी असलं पाहिजे.

हा नियम पाळायचे दोन मार्ग आहेत. फ्रेमरेट वाढवा किंवा ठिणग्या विरळ करा. दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि जवळपास कुणीच वापरत नाही. जाड पट्टी दाबून घासण्याऐवजी तीन-चार मिलिमीटरची सळई चाकाला हलकेच टेकवा, म्हणजे झोताऐवजी सुट्या ठिणग्या मिळतात.

तुमचा कॅमेरा सेकंदाला हजार फ्रेमपर्यंतच जात असेल, तर ठिपक्याचा हट्ट सोडा आणि रेघ निवडा. शटर १/२,००० च्या आसपास ठेवलं की प्रत्येक रेघ साधारण १२ मिलिमीटरची होते, पुढच्या फ्रेममधली रेघ आधीच्या रेघेच्या पुढे थोडी मोकळी जागा सोडून पडते आणि डोळा ती साखळी आपोआप जोडतो. शटर फ्रेमइतकंच लांब, म्हणजे १/१,००० ठेवलं तर रेघा एकमेकींना चिकटून सलग झोत दिसतो. सुरुवातीला सांगितलेला पहिला दोष तो हाच.

फ्रेमची उंची कमी केली की बहुतेक हायस्पीड कॅमेरे जास्त फ्रेमरेट देतात. उंची चौथाई केली तर वेग जवळपास चौपट होतो. ठिणग्यांना लांब, अरुंद फ्रेम पुरते, तेव्हा ही सवलत पुरेपूर घ्या.

फोन वापरत असाल तर हिशेब आणखी सोपा. २४० फ्रेमला ठिणगी एका फ्रेममध्ये १०० मिलिमीटर जाते. तेव्हा फ्रेम ३०-४० सेंटिमीटर रुंद ठेवा आणि रेघांवर समाधान माना. काही फोन ९६० फ्रेमच्या नावाखाली मधल्या फ्रेम स्वतः कल्पून भरतात. त्यात ठिणग्यांच्या भुतासारख्या दुहेरी छाया दिसतात.

तपासा: पुढे जाण्याआधी कागदावर चार आकडे हवेत: फ्रेमची लांबी, शटर, फ्रेमरेट आणि दोन फ्रेममधलं ठिणगीचं अंतर.

## टप्पा ४: मांडणी

ठिणग्यांचा झोत साधारण पंख्यासारखा पसरतो आणि तो पंखा जवळपास चाकाच्याच प्रतलात असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर या प्रतलाला समांतर हवा, म्हणजे कॅमेऱ्यानं चाकाकडे बाजूनं, सरळ काटकोनात बघायचं. थोडा तिरका कोन नाट्यमय दिसतो खरा, पण मग अर्ध्या ठिणग्या फोकसबाहेर जाऊन फुगलेल्या चकत्या होतात.

चाक फ्रेममध्ये घ्यायचंच असेल तर नुसती कड घ्या. ठिणग्या फुटताना बघायच्या असतील तर चाक बाहेर ठेवा आणि फ्रेम त्यापासून वीत-दीड वीत पुढे न्या. आधी साध्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढून ठिणग्या नेमक्या कुठे जास्त फुटतात ते पाहून घ्या, मग जागा पक्की करा.

मागे काळी, चमक नसलेली पार्श्वभूमी हवी. काळं मखमली कापड स्टुडिओत चालतं, इथे ते पेटेल. मॅट काळा रंग दिलेला आणि पूर्ण वाळलेला पत्रा झोताच्या मागे निदान हातभर अंतरावर उभा करा, म्हणजे त्याच्यावरचे ओरखडे फोकसमध्ये येणार नाहीत.

लेन्स शंभर मिलिमीटरच्या आसपासची असली तर कॅमेरा दूर ठेवता येतो. तरीही लेन्सच्या पुढे पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक तुकडा किंवा साधी काच लावाच. वितळलेला कण काचेवर आदळला की त्यात रुततो आणि पुसून निघत नाही. ही काच वापरून फेकायची वस्तू आहे, महागडं फिल्टर तिथे वाया घालवू नका.

लेन्सइतकाच धोका कॅमेऱ्याच्या पोटालाही असतो आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. हायस्पीड कॅमेऱ्याला थंड ठेवायला पंखा असतो आणि तो बाहेरची हवा आत खेचतो. ग्राइंडरजवळची हवा लोखंडाच्या बारीक चुऱ्यानं भरलेली असते आणि हा चुरा वीजवाहक असतो. कॅमेरा वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. टेबलावर एक चुंबक कागदात गुंडाळून ठेवा. पाच मिनिटं घासल्यावर तो कॅमेऱ्याच्या जागी धरून बघा. त्यावर काळी मिशी उगवली तर कॅमेरा आणखी मागे न्या.

## टप्पा ५: फोकस

ऑटोफोकस बंद. काळोखात पळणाऱ्या ठिपक्यावर तो कधीच बसत नाही.

ग्राइंडर बंद आणि प्लग काढलेला असताना, झोत जिथून जाणार तिथे पोलादी पट्टी उभी करा, चित्र पूर्ण मोठं करून तिच्या मिलिमीटरच्या खुणांवर फोकस लावा आणि रिंग टेपनं चिकटवा. पट्टी तशीच ठेवून दोन सेकंद चित्रण करा. फ्रेममध्ये किती मिलिमीटर मावतात याचा पुरावा मिळतो, आणि टप्पा ३ मधलं गणित खरं की खोटं ते लगेच कळतं. मग पट्टी काढा.

## टप्पा ६: उजेड ठरवतं ते ॲपर्चर

नेहमीच्या फोटोग्राफीतली सवय इथे घात करते. चित्र अंधारं आलं की हात शटरकडे जातो. पण धावणारी ठिणगी एका पिक्सेलवर क्षणभर असते आणि पुढे जाते. त्यानंतर शटर कितीही वेळ उघडं राहिलं तरी त्या पिक्सेलला तिच्याकडून आणखी प्रकाश मिळत नाही. शटर १/१०,००० वरून १/१,००० केलं तर रेघ दसपट लांब होते, उजळ होत नाही. उजळतं ते बाकीचं सगळं: चाक, हात, मागचा पत्रा.

म्हणून ठिणगीची चमक ॲपर्चर आणि गेननं (सेन्सरचा संकेत वाढवण्याच्या सेटिंगनं) ठरवायची, पार्श्वभूमीची शटर आणि दिव्यांनी. शटर तुम्ही टप्पा ३ मध्ये ठरवलेलं आहे, त्याला आता हात लावायचा नाही. फक्त ठिपक्यांच्या टोकाला, जिथे ठिणगी स्वतःच्या प्रतिमेइतकीही सरकत नाही, तिथे शटर आणखी कमी केलं की चमकही कमी होते.

सुरुवात ॲपर्चर एफ ८ पासून करा, गेन सगळ्यात खाली. एवढ्या ॲपर्चरनं फोकसची खोलीही बरी मिळते. रेघेच्या मधला भाग पांढरा आणि कडा पिवळ्या-नारिंगी दिसल्या तर ठीक. सगळीच रेघ पांढरी आणि जाड असेल तर ॲपर्चर आणखी बंद करा. हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) विसंबू नका. फ्रेमचा बहुतांश भाग काळा असल्यानं तो नेहमीच ‘अंधार आहे’ म्हणतो. एक फ्रेम थांबवून, मोठी करून, फुटलेल्या ठिणगीचे फाटे वेगळे दिसतात का ते बघा. ते एका पांढऱ्या गोळ्यात मिसळले असतील तर प्रकाश जास्तच आहे.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका. ३,२०० ते ४,००० केल्विनच्या मधे एक आकडा निवडून कायम ठेवा.

चाक आणि हातही दिसायला हवेत तर बाहेरचा दिवा लागेल. साधे दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर लुकलुकतात. ५० हर्ट्झची वीज असेल तिथे सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झला १२० वेळा. हजार फ्रेमच्या चित्रणात दर दहाएक फ्रेमना उजेड-अंधाराची लाट येते. बॅटरीवर चालणारा, मंद करण्याची सोय न वापरलेला एलईडी दिवा घ्या आणि रिकाम्या फ्रेमचं दोन सेकंद चित्रण करून लाट येते का ते पाहा.

## टप्पा ७: काळं संदर्भचित्र आणि ट्रिगर

कॅमेरा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मग लेन्सला टोपण लावून काळ्या पातळीचं कॅलिब्रेशन करा. हे राहिलं तर काळ्या पार्श्वभूमीवर उभे पट्टे आणि कायम पेटलेले पिक्सेल दिसतात, आणि ठिणग्यांच्या चित्रात ते ठिणग्याच वाटतात. शटर किंवा फ्रेमरेट बदललं की कॅलिब्रेशन पुन्हा.

बहुतेक हायस्पीड कॅमेरे चित्र थेट कार्डवर लिहीत नाहीत, आधी रॅममध्ये फिरतं ठेवतात आणि जुनं पुसत जातात. १,२८० गुणिले १,०२४ पिक्सेलची १२ बिटची एक फ्रेम सुमारे २ मेगाबाइटची. हजार फ्रेमना सेकंदाला २ गिगाबाइट. ८ गिगाबाइटच्या रॅममध्ये चारच सेकंद मावतात. म्हणून ट्रिगर दाबायचा तो चांगला क्षण दिसून गेल्यावर. ट्रिगरच्या आधीचा भाग ८० ते ९० टक्के ठेवा. आधी दाबून वाट बघत बसलात तर रॅम रिकाम्या काळोखानं भरते.

तपासा: ग्राइंडर बंद असताना टाळी वाजवा, मग ट्रिगर दाबा. टाळी चित्रणात सापडली तर सेटिंग बरोबर.

## टप्पा ८: प्रत्यक्ष चित्रण

चाक पूर्ण वेगात येऊ द्या. घासणाऱ्यानं इशारा द्यावा, सळई एक-दोन सेकंद हलकी टेकवावी आणि बाजूला घ्यावी. कॅमेऱ्यावाल्यानं लगेच ट्रिगर द्यावा. सळई सतत दाबून ठेवली तर टोक तापून निळं पडतं, धूर येतो आणि झोत दाट होतो. दर टेकवणीनंतर चाक थांबवून चित्रण पाहा. एकावर एक टेक घेत गेलात तर एकच चूक सगळ्यांत सारखी राहते.

पाहताना दोष असे ओळखा. सलग पांढरा झोत: शटर फ्रेमच्या मानानं लांब आहे किंवा ठिणग्या दाट आहेत. नुसती लुकलुक: फ्रेमरेट कमी आहे, शटर लांब करून रेघेवर या. मऊ, फुगलेले ठिपके: झोत फोकसच्या प्रतलातून सुटला आहे, बहुधा सळई टेकवायची जागा सरकली. सगळ्या रेघा एका बाजूला कललेल्या किंवा वाकलेल्या: कॅमेऱ्याचं शटर ओळीओळीनं उघडणारं आहे, फोनमध्ये हे चालायचंच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदल कागदावर लिहा.

## टप्पा ९: जतन आणि आवराआवर

रॅममधलं चित्रण वीज गेली की गेलं. जतन पूर्ण होईपर्यंत कॅमेरा बंद करू नका आणि बॅटरी भरलेली ठेवा. सगळंच्या सगळं जतन करायची गरज नसते. ५,००० फ्रेमचा एक सेकंद २५ फ्रेमनं दाखवला तर ३ मिनिटं २० सेकंद चालतो. दशांश सेकंदाचा चांगला तुकडा कापलात तरी पडद्यावर २० सेकंद मिळतात. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ स्वरूपात जतन करा. दाबून लहान केलेल्या (कॉम्प्रेस्ड) फाइलमध्ये बारीक ठिणग्या आधी पुसल्या जातात, कारण असले सुटे ठिपके गोंगाट समजून टाकून दिले जातात.

जतन चालू असतानाचा वेळ आगीवर नजर ठेवण्यात जातो, तो वेगळा काढावा लागत नाही. तेवढ्यात टेबलावरचा चुरा चुंबकानं गोळा करून भिंगाखाली पाहा. कुरळ्या किसाबरोबर त्यात गुळगुळीत, गोल मणी सापडतील. तुम्ही टिपलेल्या ठिणग्यांपैकी ज्या हवेत पूर्ण वितळल्या त्याच या. अशा मण्यांचं प्रमाण कानशीच्या आणि माइल्ड स्टीलच्या चुऱ्यात वेगळं दिसतं का, ते चित्रणाशी ताडून बघायला मजा येते.

कॅमेरा आवरताना कापडाला हात लावू नका. लोखंडाचा चुरा कापडाखाली घासला गेला तर लेन्सचा लेप ओरबाडतो. आधी फुंकणीच्या फुग्यानं हवा मारा, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. पंख्याच्या जाळीवरचा चुरा आत फुंकू नका, चिकटपट्टीनं टिपून बाहेरच्या बाहेर काढा.